पाचवा भाग कधी देताय?

मराठीत मुलांची पुस्तकं छापणाऱ्या समस्त प्रकाशक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. म्हणजे तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्यातल्या काहींची पुस्तकं मात्र छापून यायच्या आधीच माझ्या नजरेखालून गेलेली आहेत. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. छपाईला शिशाचे खिळे होते तेव्हाही आणि संगणक आला तेव्हाही. नोकरी संपली, वाचायची खोड संपली नाही. म्हणून आता दर शनिवारी संध्याकाळी आमच्या पेठेतल्या तालमीच्या माडीवर पोरांना गोष्टी वाचून दाखवते. खाली लाल मातीत पोरं घुमत असतात, वर आम्ही पंधरा-वीसजण सतरंजीवर. जिन्यात चपलांचा ढीग असतो आणि माडीवर तेलाचा आणि घामाचा वास. त्याची सवय होते.

पत्र या पोरांच्या वतीनं लिहितेय. तक्रार साधी आहे. तुम्ही मालिका सुरू करता आणि संपवत नाही.

आमच्या फळीवर एक भाषांतरित मालिका आहे. नाव घेत नाही, प्रकाशकाचंही घेत नाही. ज्याचं त्याला कळेल. तीन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी नायक पोरगा एका गुहेत शिरतो, मागं दगड पडतो, आणि खाली छापलंय ‘क्रमशः’. हा शब्द मी नोकरीत हजारदा तपासला असेल. विसर्ग आहे का नाही, एवढंच बघायचे. चौथा भाग आला नाही म्हणून मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, “ताई, तिसराच गोदामात पडून आहे, चौथा काढून काय करू?” मी आपलं पोरांना जसंच्या तसं सांगितलं. एक सहावीतला पोरगा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मग ते पोरगं अजून गुहेतच हाय?”

याला तीन वर्षं झाली. आहे गुहेतच.

आता दुसऱ्या एका मालिकेची हकिगत सांगते, म्हणजे मी नेमकं काय मागतेय ते ध्यानात येईल. किलोवर पुस्तकं विकणारं एक प्रदर्शन आमच्याकडं आलं होतं. तिथं ढिगात ‘फेबलहेवन’ नावाच्या इंग्रजी मालिकेचे चार भाग सापडले. लेखक ब्रँडन मल, अमेरिकन. पहिला भाग २००६ चा, पाचवा आणि शेवटचा २०१० चा; दर वर्षी एक, उसाच्या हंगामासारखा. माझं इंग्रजी शब्दकोशाच्या आधारानं चालणारं. तरी घेतले. रात्री चार-पाच प्रकरणं वाचायची, वहीत शब्द काढून ठेवायचे आणि शनिवारी पोरांपुढं मराठीतच सांगायचं, असा दीड वर्ष उद्योग केला.

गोष्ट अशी. केंद्रा आणि सेथ ही बहीणभाऊ आजी-आजोबांकडं राहायला जातात. घराभोवती मोठं रान. आजोबा बजावतात, रानात जायचं नाही. ते रान म्हणजे जादूच्या जीवांसाठी राखलेलं अभयारण्य असतं. आपल्या राधानगरीला गवे राखलेत, तसे तिथं पऱ्या, बुटके, चेटकीण, राक्षस राखलेले. पण ते असे दिसत नाहीत. परी बघितली तर फुलपाखरू दिसतं. तिथलं दूध प्यायलं की मगच खरं रूप दिसायला लागतं.

दूध! हे मी कोल्हापुरात सांगत होते, लक्षात घ्या. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, गवळी डोळ्यांदेखत पिळतो आणि फेसाळ ग्लास गरम गरम हातात देतो. पुढच्या शनिवारी सातजण ओठावर पांढऱ्या मिश्या घेऊन माडीवर आले. एक म्हणाला, “बाई, दोन ग्लास मारलं. परी न्हाई दिसली, पण गवळ्याची म्हस लई मोठी दिसली.” तेही बरोबरच निघालं. पुस्तकात त्या दुधाची गाय कोठाराएवढी असते, आणि मोठी माणसं नाहीशी झाल्यावर पोरांनाच ती पिळावी लागते. आचळाला मिठी मारून घसरत खाली यायचं, असं पिळायचं. हे प्रकरण मला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी खालच्या आखाड्यातला एक पैलवानही जिन्यात येऊन बसला होता. त्याच्या घरी सहा म्हशी.

शब्दांची गंमत वेगळीच. कमरेखाली बोकड आणि वर माणूस असे दोघे मित्र या गोष्टीत आहेत. त्यांना टीव्हीचं वेड, आणि बॅटऱ्या संपल्या की सेथकडून सोनं देऊन बॅटऱ्या घेतात. मी वहीत काढून नेलं होतं ‘अजापद’. पोरं माझ्याकडं बघत राहिली. मग त्यांनीच नाव पाडलं, बोकडपाये. तळ्यात माणसाला ओढून नेणाऱ्या जलकन्या आल्या तेव्हा तर मला शब्द शोधावाच लागला नाही. “ह्या साती आसरा न्हवं का? आमच्या मळ्यातल्या विहिरीवर हायत की.” आसरांना हळदकुंकू वाहतात, तिन्हीसांजेला विहिरीत वाकून बघायचं नसतं, हे सगळं पोरांनी मलाच समजावलं. तुमच्या भाषांतरांत मात्र यक्ष, गंधर्व, किन्नर नाही तर सरसकट ‘जादुई प्राणी’. आपल्याकडं मुंजा आहे, चकवा आहे, गिऱ्हा आहे, झोटिंग आहे, हडळ आहे. एवढी भुतं घरात असताना शब्दकोशातून पाहुणे का बोलावता? असो. हे विषयांतर झालं, पण मुद्रितं तपासणाऱ्या बाईला एवढी सूट द्या.

चौथा भाग संपला आणि आम्ही अडकलो. प्रदर्शनात पाचवा नव्हताच. दुकानात विचारलं तर मागवावा लागेल म्हणाले, आणि किंमत ऐकून मी गप्प घरी आले. शेवटी पुण्याहून भाच्यानं आणला, तोवर जवळजवळ वर्ष गेलं. त्या वर्षात पोरांनी शेवट रचायला सुरुवात केली.

स्थिती अशी होती की राक्षसांचा एक मोठा तुरुंग आहे, समुद्रातल्या बेटावर. तो उघडायला पाच जादूच्या वस्तू लागतात. आणि त्या एकेक करून वाईट माणसांच्या हाती चालल्या आहेत. तुरुंग उघडणार हे उघड होतं. मग राक्षसांचं करायचं काय? खाली तालीम असल्यामुळं पहिला उपाय कुस्तीचाच निघाला, निकाली, बरोबरी चालणार नाही. एकानं सुचवलं तांबडा रस्सा पाजू, रडत परत जातील. पण खरं भांडण झालं ते कोल्हासुरावरून. एका मुलीचं म्हणणं, राक्षस मारायचा तर आधी त्याला शेवटचं काय पाहिजे ते विचारायला पाहिजे. देवीनं कोल्हासुराला विचारलं होतं, त्यानं गावाला आपलं नाव मागितलं, म्हणून तर हे कोल्हापूर. दुसरा म्हणाला, राक्षस एकदा मारून भागत नाही. म्हणून ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते आणि दरवर्षी कोहळा फोडावा लागतो. पहिली म्हणाली, ते आठवण म्हणून फोडतात. दुसरा म्हणाला, मग तुकडा मिळवायला एवढी झुंबड कशाला? यावर दोन शनिवार गेले. मी मधे पडले नाही. गोष्टीचा शेवट काय असावा यावर मोठ्यांच्या परिसंवादात इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलेलं नाही, आणि परिसंवादांच्या पुस्तिका मी पुष्कळ तपासल्या आहेत.

मग पाचवा भाग आला. ‘कीज टू द डीमन प्रिझन’. पाचशेच्या वर पानं. (ज्यांना शेवट कळायला नको असेल त्यांनी पुढचे काही परिच्छेद सोडून द्यावेत. प्रकाशकांनी सोडू नयेत.)

पुस्तक निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मधे लढाया फार. नावांची इतकी गर्दी की मलाच वहीत वंशावळ काढावी लागली. काही प्रकरणं मी “मग पुष्कळ मारामारी झाली” म्हणून दोन वाक्यांत उरकली, आणि कुणाचं काही अडलं नाही. पण दोन जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी चार भाग थांबावं.

पहिली सेथची चूक. एक म्हातारा, सडत पडलेला राक्षस आधीच्या भागांत सेथला मदत करतो. आता तो म्हणतो, मी मरतोय, मला थोडा आराम दे. बरं करणारी जादूची वस्तू सेथकडं असते. त्याला कणव येते, तो ती लावतो. राक्षस ठणठणीत होऊन उठतो आणि उलटतो. घरच्यासारखा असलेला एक माणूस जिवानिशी जातो. माडीवर शांतता. सेथ वाईट का, असं मी विचारलं नाही. मला तसले प्रश्न विचारायला आवडत नाही. एका पोरानं आपणहून सांगितलं, की त्यानं एकदा रंकाळ्यावर कुत्र्याचं पिल्लू उचलून घरी आणलं होतं आणि ते चावून घरातल्या सगळ्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली. “आई म्हणाली, परत आणू नको. पर मी आणीन.” आता सेथची ही चूक पाचव्या भागातली आहे, आणि तिचं काय होतं ते कळायला त्याच भागाचा शेवट लागतो, जिथं त्याच सेथला तलवार घेऊन राक्षसांपुढं उभं राहावं लागतं. चौथ्यावर गोष्ट सोडली असती तर सेथ आमच्यासाठी नुसता आगाऊ पोरगाच राहिला असता.

दुसरी जागा शेवटाची. तुरुंग उघडतो, राक्षस बाहेर येतात. त्यांना पुन्हा आत कोंडायला तो तुरुंग आता उपयोगाचा राहिलेला नाही. तेव्हा पऱ्यांची राणी आपलं राज्य देते. अख्खं, कधी कुणी विटाळ न केलेलं, उजेडाचं राज्य. राक्षसांना तिकडं ओढून आत घेतात आणि दार कायमचं बंद करतात. पऱ्यांना राहायला काय मिळतं, तर राक्षसांचा जुना, उजाड, घाण झालेला तुरुंग. तोच आता त्यांनी हिरवा करायचा.

मी पुस्तक मिटलं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “आमच्या आज्जीचं गाव असंच गेलंय. काळम्मावाडीच्या धरणात.”

दुधगंगेवरच्या त्या धरणात गावं गेली हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं, पण ठाऊक असणं वेगळं. पुढच्या शनिवारी ती आजीलाच घेऊन आली. नऊवारी, हातात पिशवी, जिना चढून दम लागलेला. नातीनं घरी गोष्ट सांगितली होती, पण तिच्या शंका फिटल्या नव्हत्या. तिनं मला विचारलं, “त्या परीच्या राणीनं आपलं आपण दिलं, का नोटीस आली?”

म्हटलं, आपणहून दिलं.

“मग बरं. आमाला नोटीस आली.” थोडं थांबून तिनं दुसरं विचारलं, “आणि बदली जमीन कसली दिली म्हणायची? खडकाळ?”

खडकाळच, मी म्हणाले.

“तरी पिकवत्यात,” आजी म्हणाली. “धा वर्सं जात्यात, पर पिकतंय.” मग पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढून तिनं पोरांना वाटले.

पुस्तक लिहिताना त्या अमेरिकन लेखकाच्या मनात आमचं धरण नव्हतं, हे मला कळतं. पण परीकथेतलं राज्य सुटलेल्याचं दुःख ज्या पोरांना सगळ्यात आधी कळेल, ती पोरं मराठीत वाचतात. आणि ही जागा मालिकेच्या अगदी शेवटी, पाचव्या भागाच्या टोकाला आहे. तुम्ही तिसऱ्यावर हात आखडता, तेव्हा नेमकं हेच कापता.

आमच्या पिढीला शेवट मिळाला होता का, असं तुम्ही विचाराल. वाजवी आहे. मी ‘चांदोबा’वर वाढले. त्यात विक्रम राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघायचा, वेताळ गोष्ट सांगायचा, राजा उत्तर द्यायचा, मौन मोडायचं, आणि वेताळ परत झाडावर. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं. मी वडिलांना विचारलं, हे संपतं कधी? त्यांनी मला करवीर नगर वाचन मंदिरात नेऊन वेताळपंचविशीची जुनी प्रत हातात दिली. तिथं शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा एका मुलीशी आणि तिच्या आईशी लग्न करतात. बापाच्या वाट्याला मुलगी येते, मुलाच्या वाट्याला आई. त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर येत नाही. तो गप्प राहतो. तो गप्प राहिला म्हणूनच वेताळ प्रसन्न होतो आणि सांगतो, तो योगी तुझाच बळी देणार आहे. त्यानं साष्टांग नमस्कार घालायला सांगितलं की म्हण, कसा घालायचा ते आधी दाखव. नऊ वर्षांची होते मी. वाचनालयाच्या बाकावर बसून एका बैठकीत वाचलं. चोवीस वेळा हुशारीनं हरलेला राजा न बोलून जिंकतो, हे मला आजही मराठीत वाचलेल्या सगळ्यात सुंदर शेवटांपैकी एक वाटतं. मासिकातला वेताळ मला आवडायचा, पण झोप लागली ती त्या दिवशी.

ते वाचन मंदिर १८५० पासून आहे. १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला. स्वतंत्र भारतातला पहिला म्हणतात तो मद्रासचा कायदा आला १९४८ ला. सांगायचं एवढंच, की इथं वाचणाऱ्याला पुस्तक मिळालं पाहिजे ही मागणी माझ्यापासून सुरू झालेली नाही.

तुमचा हिशेबही मला कळतो. एकतीस वर्षं त्याच धंद्यात काढली. पहिल्या भागाची हजाराची आवृत्ती, दुसऱ्याची भीत भीत तेवढीच, तिसऱ्याला विक्रेता म्हणतो दहा प्रती पाठवा. कागद महागतो, भाषांतरकाराचे पैसे राहतात, मूळ प्रकाशकाकडून घेतलेल्या हक्कांची मुदत संपत येते. शिवाय तिसरा भाग वाचायला निघालेलं पोर तोवर मोठं झालेलं असतं आणि त्याच्या हातात मोबाईल आलेला असतो. सगळं खरं. पण एक उलटी बाजू बघा. आमच्या माडीवरच्या पोरांच्या आईबापांना मी नवी मालिका सुचवली की ते विचारतात, “पुरी येणार का?” दुधानं तोंड पोळलंय त्यांचं. तुमचा पहिला भाग खपत नाही, कारण आधीच्या कुणाचा तरी शेवटचा आला नव्हता.

तेव्हा माझं म्हणणं असं. करार करतानाच सगळ्या भागांचा करा, आणि पहिला छापायच्या आधी शेवटच्याचं भाषांतर टेबलावर असू द्या. भाषांतरकार एकच ठेवा. दुसऱ्या भागातली हडळ तिसऱ्या भागात चेटकीण होते तेव्हा पोरं लगेच पकडतात, मुद्रितशोधकाच्या आधी. मुखपृष्ठावर नुसतं ‘भाग २’ छापू नका, ‘पाचांपैकी दुसरा’ असं छापा, म्हणजे घेणाऱ्याला कळेल आणि तुम्हालाही रोज दिसेल. चरित्रांच्या आणि कोशांच्या खंडांना तुम्ही प्रकाशनपूर्व सवलत देता, आधी पैसे भरून घेता. पोरांच्या पुस्तकाला ती देऊन बघितलीत का कधी? आमच्या माडीवरून पहिली वीस नावं माझी. पाकीट तयार आहे.

आणि अगदीच जमणार नसेल, पुढचे भाग काढणं खरंच परवडणार नसेल, तर मूळ प्रकाशकाची परवानगी घेऊन उरलेल्या गोष्टीचा सारांश छापा. आठ पानांची पुस्तिका, अर्धा फॉर्म, पिन मारलेली. मुद्रितं मी फुकट तपासून देते.

जाता जाता: पाचवा भाग संपल्यावर मी पोरांना सांगितलं, की याच लेखकानं २०१७ मध्ये त्याच जगाची दुसरी मालिका सुरू केली, ‘ड्रॅगनवॉच’, तीही पाच भागांची, आणि २०२१ मध्ये संपवली. माडीवर एवढा आरडाओरडा झाला की खालून वस्ताद वर आले, काय झालं बघायला. “पण बाई, ह्याचं समदं भाग आलेत न्हवं?” हा पहिला प्रश्न. आले आहेत, म्हटल्यावरच पुढचं बोलणं.

गुहेतल्या पोराचं तेवढं बघा. आमच्यातली तिघं पुढच्या वर्षी दहावीला जातात. क्लास लागले की शनिवार बंद. त्याच्या आत काय ते कळवा. पत्र पोस्टानं पाठवलंत तरी चालेल, तालीम पोस्टमनला माहीत आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालमीच्या माडीवरची बाई,
कोल्हापूर